शेजारच्या खाटेला दिलेली पिशवी

आमच्या भागात दवाखान्यातून निघताना माणूस तिथलं काही सोबत घेत नाही. उरलेली केळी, फोडलेला बिस्किटाचा पुडा, ग्लुकोजचा डबा, गोळ्यांची अर्धी पाकिटं, सगळं शेजारच्या खाटेवर ठेवायचं, "घ्या, तुमाला व्हतील" म्हणायचं आणि मागं न बघता बाहेर पडायचं. दवाखान्यातली वस्तू घरी आली की दुखणंही तिच्या मागं घरी येतं, अशी समजूत. ही कुणी कुणाला शिकवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असते. लहानपणी मला टायफॉइड झाला होता, तेव्हा निघताना मायनं माझा लाल प्लास्टिकचा पेला शेजारच्या पोरीला देऊन टाकला होता. घर येईपर्यंत मी भोकाड पसरलं. मायचं म्हणणं एवढंच, पेल्याचं काय घेऊन बसलीस, ताप तिथंच राहिला ना.

पुढं मी औषधांच्याच नोकरीत आले. गेवराईच्या बाजूला, हायवेला लागून असलेल्या एका सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीत बसते. माझा स्वभाव खिडकीत बसण्यासारखा नाही. लोक एकच गोष्ट तीनदा विचारतात आणि मी दुसऱ्यांदाच चिडते. सिस्टर म्हणतात, मॅडमच्या खिडकीवरची गोळी पाण्याशिवाय उतरते, भीतीनंच. त्या म्हणतात ते अगदीच खोटं नाही.

तर त्या खिडकीतून वर्षानुवर्षं मी एक गोष्ट बघत आले. पेशंट आम्हाला झेपेना की आमचे डॉक्टरसाहेब 'रेफर' लिहितात, म्हणजे याला मोठ्या दवाखान्यात न्या. चिठ्ठी जाते, पेशंट जातो, नातेवाईक जातात, आणि औषधं इथंच राहतात. तिकडं गेल्यावर सगळं पहिल्यापासून. आधी केसपेपर, मग डॉक्टर, मग त्यांनी लिहायचं, मग ते त्यांच्या स्टोअरात आहे की नाही ते बघायचं. तोवर साखरेचं इंजेक्शन चुकतं, फिटची गोळी चुकते. पेशंट एका दवाखान्याचा राहिलेला नसतो आणि दुसऱ्याचा झालेला नसतो. त्या मधल्या वेळात त्याची रोजची गोळी द्यायची कुणी, हे कुणाच्याच कामात बसत नाही.

मी म्हटलं, आपण बसवू. ऑपरेशन थिएटरच्या बाद झालेल्या हिरव्या चादरी होत्या. बाजारातल्या शिंप्याकडून त्यांच्या पिशव्या शिवून घेतल्या. रेफर झालेल्या पेशंटच्या चालू गोळ्या, दोन-चार दिवस पुरतील इतक्या, त्यात घालायच्या आणि पिशवी नातेवाइकांच्या हातात द्यायची. एवढंच. यात अक्कल लागत नाही, फक्त कुणीतरी करावं लागतं. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मॅडम, काम चांगलं आहे. करा. फक्त माझी सही कुठं लागणार नाही असं बघा."

सुरुवातीचे काही दिवस मी खूश होते. मग एकदा सिस्टरनी मला वॉर्डात बोलावलं आणि बोटानं दाखवलं. शेजारच्या खाटेवर, दुसऱ्याच पेशंटच्या उशाशी, हिरवी पिशवी. ज्याची होती त्याला खाली ॲम्ब्युलन्समध्ये चढवत होते. मी पिशवी उचलून धावत खाली गेले. त्याचा म्हातारा बाप दाराशी उभा होता. मी त्याला फाडफाड बोलले. तुमचं पोरगं काय बरं होऊन घरी चाललंय का, औषध मागं टाकून कसं जाता?

म्हातारा शांतपणे म्हणाला, "बरं न्हाई झालं म्हणूनच ठिवलं बाई. हितलं हितंच ऱ्हाऊ द्या. तितं तरी बरं हुईल."

मी पिशवी त्याच्या हातात कोंबली. ती त्यानं पुढं कुठं ठेवली असेल ते मला माहीत नाही.

त्यानंतर मी सगळ्यांना समजावून सांगायला लागले, म्हणजे ओरडून सांगायला लागले. काही ऐकत, काही मान डोलवत आणि पुन्हा खाटेवर ठेवत. पण माझ्या मनात तेव्हा तरी असं होतं की लोक हळूहळू शिकतात.

आता अण्णांचं सांगते. अण्णा म्हणजे माझे वडील. परळीच्या थर्मल वीज केंद्रात, राखेच्या विभागात सगळी नोकरी झाली. रिटायर झाल्यावर धर्मापुरीकडच्या आमच्या गावी जाऊन राहिले, माय आणि ते. मी एकुलती एक. अण्णांना दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा भारी नाद. भिंत बांधणाऱ्या गवंड्याला ओळंबा शिकवायचे, लग्नातल्या आचाऱ्याला मीठ. मायनं केलेल्या एकाही भाजीला त्यांनी आयुष्यात चांगली म्हटलं नाही, आणि एकही ताटात टाकली नाही. माझी जीभ कुणावर गेली हे गावात कुणाला विचारायची गरज नाही.

त्यांना कंपवात होता. हात थरथरायचे हे त्यातलं लोकांना दिसणारं. खरा त्रास वेगळा. ठरल्या वेळेला गोळी मिळाली तर माणूस चालतो, बोलतो, भांडतो. गोळी चुकली की अंग आखडत जातं, पाय जमिनीला चिकटतात, चेहरा थिजतो, शब्द फुटत नाही, आणि लांबलं तर घोट गिळता येत नाही. आतून माणूस पूर्ण जागा असतो, हे सगळ्यात वाईट. अण्णा त्या गोळीला चावी म्हणायचे. "चावी दे गं, गाडी बंद पडायली," असं मायला सांगायचे. ती गोळी आमच्याकडच्या दुकानांत मिळायची नाही. मी बीडच्या एका दुकानदाराला आधी सांगून मागवून ठेवायची.

मी त्यांच्यासाठीही हिरवी पिशवी केली होती. दाराजवळच्या खिळ्याला ती टांगलेली असे. मायला बजावून ठेवलं होतं, काहीही झालं, कुठंही न्यावं लागलं, तरी आधी पिशवी, मग अण्णा. अण्णा म्हणायचे, "आन दोन्ही जमत नसलं तर पिशवीच न्या, ती गप तरी बसती."

मागच्या हिवाळ्यात ते न्हाणीत पडले. खुब्याचं हाड मोडलं. चुलतभावानं गाडी काढून त्यांना परळीच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. मायनं पिशवी नेली होती. मी फोन केला तेव्हा मागं अण्णांचा आवाज येत होता. वॉर्डातला पंखा कुणी उलटा बसवलाय यावरून ते वॉर्डबॉयशी भांडत होते. "असा पंखा लावत्यात का बे? वारं छताला लागायलंय." मला इतकं बरं वाटलं. भांडतायत म्हणजे गोळी वेळेवर आहे.

हाड बसवणं तिथं होणार नव्हतं. सकाळी डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. मी तोवर रजा टाकून निघायच्या तयारीत होते. मायला फोनवर म्हटलं, पिशवी. ती म्हणाली, "हाय हाय. किती येळा सांगशील? ध्यानात हाय माज्या."

मी गेवराईच्या स्टँडवर बसची वाट बघत होते तेव्हा तिचा फोन आला. मोठ्या दवाखान्यात पोहोचलो, खाट मिळाली, असं म्हणाली. आवाज खुशीत होता, खाट मिळाली म्हणून.

"गोळी दिली का त्यांना?"

"आता हितले डाक्टर देतील की."

"माय, पिशवीतली गोळी दे. वेळ होऊन गेली असेल."

"पिशवी तितं दिली न्हवं का."

"कुठं तिथं? कुणाला दिली?"

"शेजारच्या खाटंवरल्या पोराला. ऊसतोडीचं पोरगं व्हतं, लई गरीब. त्याचे बी हात असेच थरथरायचे बघ, तुज्या अण्णावानी. बायको रडायली व्हती. म्हनलं घे माय, आमाला आता मोठ्या दवाखान्यात समदं मिळतंय."

मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. स्टँडवरची माणसं वळून बघत होती. "कावून दिलीस?" एवढंच मी पुन्हा पुन्हा विचारत होते, आणि तिला माझा प्रश्नच कळत नव्हता. ती म्हणाली, "निगताना ठिवत न्हाईत का? तुला काय ठावं न्हाई का?"

ठाऊक होतं. माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

परळीच्या त्या दवाखान्यात फोन लावला. सिस्टर चांगली होती, लगेच बघून आली. ते पोरगं सही करून निघून गेलं होतं. टोळीची गाडी कर्नाटकात जायला उभी होती, मुकादम थांबायला तयार नव्हता. त्याचे हात कशानं थरथरत होते असं मी विचारलं. दारू एकदम बंद केल्यानं, ती म्हणाली. त्या गोळ्यांचा त्याला काडीचा उपयोग नव्हता.

बीडला उतरून मी दुकानदाराकडं गेले. त्याच्याकडं एकच पाकीट होतं, ते घेतलं आणि पुढची गाडी पकडली. त्या प्रवासात मला मायचा राग आला होता, पोरगं, मुकादम आणि टोळी यांचा आला होता, ड्रायव्हर गाडी हळू चालवतोय याचा आला होता. माझा स्वतःचा नाही आला. माझं काही चुकलं नव्हतं, आणि त्याचाही काही उपयोग नव्हता.

मोठ्या दवाखान्यात पोहोचले तेव्हा दुपार कलली होती. खाटेवर अण्णा होते. डोळे उघडे, तोंड किंचित उघडं, हात छातीवर आखडलेले. मी "अण्णा" म्हटलं तेव्हा फक्त बुबुळं माझ्याकडं वळली. माय पायाशी बसून त्यांचे तळवे चोळत होती. "दमलेत," ती म्हणाली. "मगापासून बोलंना गेलेत."

मी पाकीट घेऊन सिस्टरकडं गेले. तिनं ते घेतलं, उलटसुलट बघितलं आणि कपाटात ठेवलं. बाहेरचं औषध वॉर्डात द्यायचं नाही, असा नियम. डॉक्टरांनी लिहिलं तर द्यायचं. डॉक्टर होते, पण हाडाचे. ते म्हणाले, ही गोळी आमच्या विभागाची नाही, मेडिसिनवाले येऊन लिहितील. त्यांना कॉल गेला होता. मी सांगितलं, मी औषधांच्याच खात्यात आहे, ही गोळी लांबली तर हा माणूस गिळणं विसरेल. त्या तरुण डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं. तो उर्मट नव्हता. उर्मट असता तर मला सोपं गेलं असतं. म्हणाला, "मॅडम, तुमच्या दवाखान्यात कुणी बाहेरून गोळी आणून दिली तर तुम्ही द्याल का?"

नसती दिली. कपाटात ठेवली असती.

मेडिसिनचे डॉक्टर आले, त्यांनी लगेच लिहिलं. त्यांच्या स्टोअरात ती गोळी नव्हती, पण आता ती लिहिलेली असल्यामुळं माझं पाकीट कपाटातून निघालं. तोवर अण्णांना गिळता येत नव्हतं. माझ्या येण्याआधीच मायनं चमच्यानं चहा पाजला होता, तो श्वासात गेला असावा. नाकातून नळी घालून गोळ्या सुरू झाल्या, पण छातीत कफ झाला, ताप चढला. हाडाचं राहूनच गेलं. अंगाचा ताठरपणा हळूहळू थोडा सुटला. आवाज आला नाही, गिळणं आलं नाही. आम्ही पुष्कळ दिवस तिथं काढले. मग छाती जरा मोकळी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, घरी न्या, सेवा करा. या वाक्याचा अर्थ काय होतो ते मी खिडकीत बसून अनेकदा ऐकलेलं आहे.

निघताना मायनं पुन्हा उरलेली संत्री शेजारच्या खाटेवर ठेवली. गोळ्या मी छातीशी धरून उभी होते.

कामावर परत आल्यावर मी ईर्षेनं पिशवीच्या मागं लागले. नातेवाइकांच्या हातात द्यायचीच नाही असं ठरवलं. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरकडं द्यायला सुरुवात केली. ड्रायव्हर नेऊन पोहोचवायचे, तिकडची सिस्टर घ्यायची आणि बाहेरचं औषध म्हणून बाजूला ठेवायची. मोठ्या दवाखान्याला फोन करून बघितला, तर रोज वेगळा माणूस फोन उचलायचा. वरिष्ठांच्या बैठकीत विषय काढला. सगळ्यांनी कौतुक केलं. एकजण म्हणाले, याची एक छान योजना करता येईल, पिशवीवर फोटो छापू. कुणाचा फोटो, यावर चर्चा बरीच चालली. दोन्ही दवाखान्यांनी एकमेकांची गोळी मानायची, एवढी एकच गोष्ट मी मागत होते. ती सोडून सगळ्यावर बोलणं झालं.

अजूनही मी पिशव्या भरते. शिंप्यानं शिवलेल्या संपत आल्यात आणि नव्या चादरी बाद व्हायच्यात. परवा एका बाईनं आपल्या नवऱ्याची पिशवी शेजारच्या खाटेवर ठेवलेली मी पाहिली. पूर्वी मी धावले असते. त्या दिवशी खिडकीतून उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. पिशवी गेली असती तरी पुढं कपाटातच जाणार होती. हे मला खरं वाटतं, आणि तसं वाटतं याचं फार वाईटही वाटतं.

मायला मात्र मी काही सांगितलं नव्हतं. दवाखान्यात असताना सांगायची वेळ नव्हती. नंतर मी सुट्टीला गावी जायची ती दर वेळी ठरवून जायची की आज सांगायचं. कारण ती कुणीही भेटायला आलं की ती गोष्ट सांगायची. गरीब पोराला गोळ्या दिल्या, त्याच पुण्याईनं ह्यांचा जीव वाचला. माणसं माना हलवायची. मी आत नळीतून घालायची गोळी कुटत असायची आणि माझ्या हातातला बत्ता थांबायचा. वाटायचं, बाहेर जाऊन सांगावं, पुण्याई नाही माय, त्याच गोळ्यांपायी हा माणूस असा पडलाय. राग म्हणून नाही. तिनं दुसऱ्या कुणाला हेच करायला शिकवू नये म्हणून. आणि थोडा राग म्हणूनही.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा गल्लीतल्या दोन बाया आलेल्या होत्या. अण्णा ओसरीतल्या खाटेवर होते. माय पुन्हा तेच सांगायला लागली. मी हात पुसत बाहेर आले. या वेळी बोलायचंच, असं ठरवून आले. उंबऱ्यात उभी राहिले, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ती पुढचं सांगायला लागली. ते ती आधी कधी बोलली नव्हती, किंवा मी आत असल्यानं मला ऐकू आलं नव्हतं.

"गाडीत बसल्यावर ह्ये म्हनले, चावी दे. म्या म्हनलं, पिशवी दिली त्या पोराला. तर ह्येंनी माज्याकडं बघितलं. लई येळ बघत व्हते. मला वाटलं आता वराडतेत. जलमभर एक गोष्ट मनासारखी न्हाई झाली ह्येंच्या. तर म्हनले, बरं केलंस."

"मग?" एका बाईनं विचारलं.

"मग काय, माजा हात धरला आन गप बसले. ते गपच हायेत तवापासून."

मी अण्णांकडं पाहिलं. ते जागे होते. गोळी चुकली की आपलं काय होतं हे त्या गाडीत बसलेल्या माणसाइतकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं. पुढं काय वाढून ठेवलंय ते त्यांना दिसत होतं. बोलायला किती वेळ उरलाय तेही कळत असणार. तेवढ्या वेळात त्यांनी जे दोन शब्द बोलून घेतले, ते तिला आयुष्यभर पुरावेत म्हणून.

माय माझ्याकडं वळून म्हणाली, "तू काय म्हनत व्हतीस?"

"काही नाही," मी म्हटलं. "चहा ठेवू का तुम्हाला सगळ्यांना?"